पुढच्या चाकांतल्या पाटल्या

मी रंभाबाई, सोमाजी दुधबळे यांची विधवा, वय साठीच्या वर, राहणार मौजे चिचटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावं. शाळा दोनच यत्ता झाली म्हणून अक्षर वाकडं आहे. हुकूम सरळ आहे.

१. राहतं घर, त्यामागची भाजीची सांदवाडी आणि तलावाखालची धानाची बांधी थोरला मुलगा नथ्थू याला.

२. भांडी आणि म्हैस नथ्थूची बायको कमळा हिला. कमळा दिवाळीपासून माझ्या सोन्याच्या पाटल्या शोधते आहे. धानाच्या ढोलीत हात घालून झाला, चुलीमागे उकरून झालं. बाई, आता थांब. पाटल्या मोटारीच्या पुढच्या चाकांत आहेत. कशा, ते खाली लिहिते.

३. मोटार. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. माझ्या नवऱ्याने लढाईच्या आधी एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली. माणूस भला होता, पण घेताना गाडी चालते का एवढंच त्याने पाहिलं, थांबते का ते विचारलं नाही. बिरेक लोखंडी सळ्यांचे. बांबू भरला की उतारावर धरत नसत, पुढच्या चाकांचे तर नावालाच. म्हणून त्याने धावड्याच्या लाकडाचा ठोकळा तासला आणि धाकट्या मुलाला, दसरूला, दाराखालच्या पायरीवर उभं केलं. उतार आला की दसरूने उडी मारायची, गाडीसोबत धावायचं, चाकाखाली ठोकळा सारायचा. नवरा तापाने गेला, नथ्थू चालवू लागला, दसरू पायरीवरच राहिला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या ठोकळ्यापायी गेली.

नथ्थूचा उपाय काय, तर उताराच्या माथ्यावर वाघोबाचा दगड आहे, तिथे गाडी उभी करून नारळ फोडायचा.

"अरे, वाघोबा वाघापासून राखते. बिरेकाचं काम त्याच्याकडं नाई."

"माय, आजवर काही झालं काय?"

"दसरूले इचार. बोटं मोजून सांगंल."

मागच्या पावसाळ्यात चिखलात दसरूचा पाय घसरला. घरी कोणी बोललं नाही. धोतर धुताना मला सोग्यावर चाकाचा छाप दिसला. मी तशीच ब्रह्मपुरीला बशीर मिस्त्रीकडे गेले. त्याने मिलिटरीच्या मोडीत निघालेल्या गाडीचा पुढचा आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, चाकांच्या ढोलांसकट आणला आणि आमच्या गाडीला बसवला. याचे बिरेक तेलाचे. पाय दाबला की नळीतलं तेल रेटतं आणि पुढची दोन्ही चाकं एकदम धरतात. पाटल्या त्यात गेल्या. नथ्थू भडकला.

"बाच्या गाडीले दुसरीचे पाय लावतं काय?"

"तुया भावाले कोनी बोटं लावून देत नाई. मंग गाडीलेच लावतो."

माझी जाऊ नीलाबाई गावभर म्हणत फिरली, "म्हातारीनं भंगाराशी पाट लावला." तिला या कागदात काही नाही. बोलायला विषय दिला, तेवढं पुरे.

मार्कंड्याच्या जत्रेची माणसं भरायच्या आधी गाडीत दगड भरले. ठोकळा घरी ठेवला. दसरूला हौद्यात बसवलं, मी नथ्थूशेजारी बसले. वाघोबाच्या उताराच्या मध्यावर म्हटलं, "थांबव." नथ्थूने पाय दाबला. दसरूने सवयीने उडी मारली आणि रिकाम्या हातांनी धावत सुटला. गाडी जागच्या जागी उभी. दसरू मात्र गाडीला मागे टाकून पार तळापर्यंत गेला. तिथे वळून पाहिलं आणि मातीत बसून हसत राहिला. इतक्या वर्षांत तो गाडीच्या पुढे कधी गेलाच नव्हता.

"माय, थांबली वो!" नथ्थू म्हणाला.

"मले दिसते. जाय, भावाले घेऊन ये."

आता गाडीला उशीर झाला तरी मी ताटातला भात टाकून दारात उभी राहत नाही. निवांत जेवते.

म्हणून मोटार दसरूची. नथ्थूला झोंबेल. झोंबू दे. चालवणारा तोच राहील, कमाई दोघांनी निम्मी घ्यावी. पण इतकी वर्षं जो तिला थांबवत आला, त्याची ती. दसरूने केबिनीत बसावं.

४. दाबलेला पाय कधी खोल गेला तर तेल गळलं किंवा नळीत हवा शिरली, असं बशीर सांगतो. तेव्हा आधी त्याच्याकडे जावं. नारळ मागून फोडा. वाघोबाशी माझं वैर नाही.

५. ठोकळा पुन्हा गाडीत ठेवू नये. माझ्या सरणात घालावा. धावडा चिवट आहे, खालच्या थरात लावा. मला नदीवर त्याच मोटारीतून, त्याच उतारावरून न्यावं. रडायचं त्याने हौद्यात बसून रडावं. पायरीवर कोणी उभं राहायचं नाही, सोबत कोणी धावायचं नाही. ती थांबते.

वरचं सगळं मीच लिहिलं, दोनदा वाचलं, एकही शब्द मागे घेत नाही.

सही: रंभाबाई सोमाजी दुधबळे

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. बशीर वल्द रहीम, मिस्त्री, ब्रह्मपुरी (बिरेकाचं तेल पाहायला आला होता)
२. जंगू वल्द लच्छू आत्राम, चिचटोला (अंगठा)

मुक्काम चिचटोला, ता. २ मार्च १९५५