पत्र्याशिवायचं गाणं

प्रिय अस्लम,

आज लातूरला क्लासवाल्यांनी निकालाची मिरवणूक काढली. पुढं गुलाल, मागं टेम्पोवर भोंगे, आणि भोंग्यावर आपलं गाणं! म्हणून लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणाला सांगू रे?

'पत्रा दे मला, पत्रा दे.' तुझं होतं ते. भूकंपात तुझी नानी माळवदाखाली गेली, तेव्हापासून तुझी अम्मी पक्क्या छताखाली झोपलीच न्हाई. सरकारनं दिलेल्या घरात ज्वारीची पोती, आणि ती झोपायची शेजारच्या पत्र्याच्या शेडात. पत्रा पडला तर खोक पडंल, जीव जात न्हाई, म्हणायची.

त्याच पत्र्यावर बोटं आपटून तू बीट काढलास. मी रेकॉर्डिंगला मोबाईल धरून उभा. आपल्या ग्रुपातला तिसरा, विक्या, हसत होता. निलंग्याबाहेर हे रॅप कोण ऐकंल, म्हणाला.

ऐकलं रे, सगळ्यांनी ऐकलं. तू मात्र औशाच्या रोडला गाडीच्या अपघातात गेलास. एवढी कसली घाई होती तुला?

मग मुंबईची कंपनी आली. विक्यानं सही करून गाणं त्यांना देऊन टाकलं. त्यांनी पत्रा कर्कश वाटतो म्हणून काढला, तुझा आवाज काढला, 'लई'चं 'खूप' केलं. पुढं क्लासवाल्यांनी घेतलं. आता 'रँक दे मला, रँक दे'! जुनं गाणं मी नेटवर टाकतो, कंपनी काढून टाकती. विक्याशी भांडलो तर म्हणाला, "बाल्या, शेडात बसून कोण मोठं झालंय का?"

आणि खरं सांगू? देवणीची, इस्लापूरची पोरं, वर्षभर होस्टेलात कोंडलेली, त्या गाण्यावर जीव तोडून नाचत होती. त्यांच्यावर काय रागवायचं? तुला बरं वाटलं असतं का वाईट? मला तर काहीच कळंना झालंय.

अम्मी दवाखान्यासाठी आली होती. माझ्याशेजारीच उभी. तुझ्या पोराचं गाणं हाय, असं कुणीतरी तिला सांगितलं. पदर सावरून तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग माझा हात धरला.

"बेटा, ये अस्लम का नै. इसमें पत्रा नै बजरा."

तिला एस्टीत बसवून दिलं.

कंपनीशी लढायचं बळ माझ्यात न्हाई, अस्लम. पण दर शुक्रवारी निलंग्याला येईन. शेडात बसून पत्रा वाजवीन, माझ्या फाटक्या गळ्यानं तुझं गाणं म्हणीन. ऐकणारी एकटी अम्मी असली तरी म्हणीन.

तुझाच,
बाल्या