गप्प बसण्याचा स्टार

१ डिसेंबर
नाही, मी रिकामा बसलेला नाही. मोबाइल बघतो म्हणजे काम करतो. नात यशश्री पहिलीत आहे. तिच्या शाळेचं ॲप सुनेने, शिखाने, माझ्या फोनमध्ये टाकून दिलं. म्हणाली, बाबूजी, अब सब इसी में दिखेगा, मला ऑफिसात फोन करायची गरज नाही. म्हणजे देखरेख माझ्यावर सोपवली. जाणतं माणूस लागतंच.

२ डिसेंबर
चांगलं वागलं की हिरवा स्टार, नाही तर लाल. यशश्रीला तीन लाल! कारण: बडबड. टीचरबाईंना मेसेज केला, आमच्या वेळी एक छडी पुरायची, हा तामझाम कशाला? त्यांनी अंगठा पाठवला. पटलं असणार.

संध्याकाळी
किला गेटहून, मुलाच्या घरून, यशश्रीचा फोन. रोजचाच. ध्रुवने बसमध्ये उलटी केली, मंजिरीने हिची भेंडी खाल्ली, दात हलतोय, आजोबा, सुनो ना, सुनो ना! डोकं उठवते. माझी पोळी तव्यावर जळली. हिला आता मीच सुधारणार. आठवड्यात.

४ डिसेंबर
तोड निघाली. फोनवर खेळ: जो आधी बोलेल त्याचा स्टार कटणार. शिकलो आठवीपर्यंतच, पण टोपी बाजारात दुकान चालवलंय. भल्याभल्यांची तोंडं बंद केली. पोरगी लगेच हरली. हसतच सुटली.

६ डिसेंबर
एकच लाल. खेळात बराच वेळ टिकली. मीच खोकलो. खोकला धरायचा नाही असं ठरलं. मी ठरवलं.

९ डिसेंबर
सगळे हिरवे! मुलाला, उत्कर्षला, कळवलं. म्हणाला, बाबा, मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी फोनवर यशश्री एकदम गप्प. नुसता श्वास. शिस्त म्हणतात ती ही. पोळी जळली नाही. दात पडला का, ते मात्र कळलं नाही.

११ डिसेंबर
हिरवे. कोण रडलं, कोणी कोणाला ढकललं, ते ॲप सांगत नाही. निकामी वस्तू. टीचरबाईंना लिहिलं, पोरीला जरा बोलू द्या. अंगठा आला.

१२ डिसेंबर
हिरवे. फोनवर श्वास.

१३ डिसेंबर
आज मीच म्हणालो, बाळ, खेळ बंद, शाळेत काय झालं ते सांग. ती ओरडली, आजोबा, तुम्ही पहले बोललात, तुमचा स्टार कट गया, मी जिंकले! आणि फोन ठेवून पळाली.
परत लावला. शिखा म्हणाली, बाबूजी, ती कार्टून बघतेय, काही काम होतं का?
नाही म्हणालो.
बस. याच्यावर मला काही लिहायचं नाही.