सही करणाऱ्याचं काय?

रविवार, २५ ऑगस्ट २०१३

पोहे गार झाले, भांडण मात्र गरमच! जे. पी. नगरहून कॉलेज लांब पडतं म्हणून स्मृती आमच्याकडे मल्लेश्वरमला राहायला आली, तेव्हापासून ह्यांना नात नाही, प्रतिपक्षच मिळालाय. आज सीरिया. तिथल्या यादवीत बुधवारी पहाटे विषारी वायू सोडला. झोपेतली माणसं गेली. टीव्हीवर ओळीनं निजवलेली मुलं दिसली, मी उठून आत गेले. सरकार म्हणतं बंडखोरांनी केलं, बंडखोर म्हणतात सरकारनं.

आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी वेणुगोपाल, म्हणजे ह्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त. त्यांनी गणपतीतल्या वादविवादाला हाच विषय ठेवलाय – जबाबदार कोण? स्मृती बोलणार. तयारी अज्जांकडून, म्हणजे ह्यांच्याकडूनच. माझ्या स्वयंपाकघरात आता युद्धच!

मंगळवार, २७ ऑगस्ट

स्मृतीचा मुद्दा असा – सोडणारा कोणी का असेना, ज्यांनी त्याचं सामान विकलं, पाठवलं, तेही जबाबदार.

हे भडकलेच. "मग उंदराचं औषध विकतो त्या कोपऱ्यावरच्या शेट्टीलाही आत टाक!"

"अज्जा, शेट्टी एक पुडी देतो. मी पिंपांबद्दल बोलतेय."

"बावळट मुद्दा आहे!"

असं ह्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. अर्ध्या तासानं स्वारी बेकरीतून तिच्यासाठी खारा बन घेऊन हजर. माफी मागायची ह्यांची हीच पद्धत. तोंडानं 'चुकलं' म्हणतील तर शपथ! लग्नाला चाळीस वर्षं होतील. माझ्या वाट्याला मोगऱ्याचे किती गजरे आले, देवाला माहीत.

रविवार, १ सप्टेंबर

सारात मीठ जास्त झालंय म्हणून ह्यांनी ताट बाजूला सारलं. झालं नव्हतं. मी दोनदा चाखून पाहिलं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज बोलले. दुपारी स्मृतीला समोर बसवून. मी दारात उभी.

होसकोटेच्या केमिकल कारखान्यात हे अठ्ठावीस वर्षं होते. शेवटी क्वालिटीचे प्रमुख. ह्यांच्या सहीशिवाय एक पिंप गेटबाहेर जात नसे. २००३ साली एक मोठी ऑर्डर आली, आखातातल्या कुठल्याशा व्यापाऱ्याची. माल फॉस्फरसचा. कीटकनाशकात पडतो, तसाच असल्या वायूतही पडतो. व्यापाऱ्यानं लिहून दिलं होतं, कीटकनाशकासाठी. पण ते कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्याचा पत्ता द्यायचा असतो, तिथे नुसता पोस्ट बॉक्स नंबर. अशा वेळी कागद परत पाठवायचा, हा नियम ह्यांनीच घालून दिलेला.

"आणि मी सही केली," म्हणाले.

"अज्जा, कापसावरच फवारलं असेल हो ते."

"असेल. बहुतेक तसंच असेल. पण मला माहीत नाही ना! विचारलंच नाही मी."

स्मृती रडकुंडीला आली. म्हणाली, मी हा मुद्दा गाळते, नाहीतर नावच मागे घेते. "घेऊन तर बघ," हे म्हणाले, "बोलणार नाही तुझ्याशी." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मला भीती वाटते. मंडळात ह्यांना किती मान! उद्या कुणी काही बोललं तर ह्यांना सोसणार नाही, आणि मला तर मुळीच नाही. रागही येतो ह्यांचा. इतकं सरळ असायची काय गरज होती म्हणते मी!

सोमवार, ९ सप्टेंबर

गणपती आले. एकवीस मोदक, त्यातले चार फुटले. फुटलेले सगळे ह्यांनी खाल्ले, मला दिसू नयेत म्हणून!

शनिवार, १४ सप्टेंबर

स्मृती छान बोलली. मुद्दा गाळला नाही. फक्त तिसऱ्या रांगेकडे, आमच्याकडे, एकदाही पाहिलं नाही.

मग विरुद्ध बाजूचा कार्तिक उठला. चुणचुणीत आहे. म्हणाला, कुठल्या तरी कारखान्यातल्या कारकुनानं कागदावर सही केली, म्हणून तो काय खुनी? टाळ्या पडल्या.

शेवटची पाच मिनिटं श्रोत्यांची असतात. हे उठले. मी शर्ट धरला होता, तो हळूच सोडवला.

"तो कारकून मी," म्हणाले. सगळं सांगितलं, पोस्ट बॉक्ससकट. "खुनी म्हणा असं मी म्हणत नाही. पण माझा काही संबंध नाही, असंही मला म्हणता येत नाही. साहेबांचा दबाव नव्हता. घरीही कुणाशी बोललो नाही. सही माझी एकट्याची."

वेळ संपल्याची घंटा वाजवायची वेणुगोपाल विसरलेच. मग तेच खाली उतरले, ह्यांचा हात हातात घेतला. "शेषगिरी, प्रसाद घेतल्याशिवाय जायचं नाही हं." ह्यांनी मान डोलावली.

ऑटोत स्मृती मध्ये बसली, आम्हा दोघांचे हात मांडीवर घेऊन. बक्षीस कुणाला मिळालं ते विचारायचंच राहिलं. मी ह्यांच्याकडे पाहत होते. किती आवडतात मला हे, या वयात लिहायलाही लाज वाटते.

मंगळवार, १७ सप्टेंबर

संयुक्त राष्ट्रांचा अहवाल पेपरात आलाय. वायू वापरला हे नक्की. कुणी, ते त्यात नाही.

तीन दिवस लिहायचं टाळतेय. 'घरी कुणाशी बोललो नाही' – खोटं! तो कागद ह्यांनी घरी आणला होता. माझ्यासमोर धरला. "सुशीला, परत पाठवू?" मी मटार सोलत होते. मान वर न करता म्हटलं, "सगळे करतात. टाका करून."

स्मृती चारला येते. तिला सांगणार आहे, ह्यांच्यादेखत.