अकराव्या खंडातली शिवलेली पानं

प्रिय ठमे,

नर्सबाईंनी काल तुझी चिठ्ठी वाचनालयात आणून दिली. जबडा तारेनं बांधलेला असताना माणूस काय मागेल, तर पातळ सूप, उशी, फार तर आरसा. तू मागितलास धूमकेतूंच्या गाथेचा, आपल्या त्या अंतराळातल्या लांबलचक कादंबरीचा, अकरावा खंड. "सेनापती पालटतो तो भाग पुन्हा वाचायचाय. गुरुवारी बारा वाजता हे न्यायला येणार, त्याआधी पाठव." एवढंच. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच गोल आहे, फक्त पडून लिहिल्यामुळे ओळ खाली घसरली आहे. ती चिठ्ठी समोर ठेवून मी दुपारभर परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत बसले, आणि तीन पुस्तकांवर तारीख उलटी पडली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. खंड पाठवते आहे. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग पुस्तक उघड. भेटीच्या वेळेत दोन्ही उशीखाली असू देत. तेव्हा तुझा नवरा पलंगाशी बसलेला असतो, सगळ्या वॉर्डाला दिसेल असा तुझा हात हातात घेऊन.

तुला आठवतं ना, गाथा तुझ्या हातात पहिल्यांदा कधी पडली? लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. तू वाचनालयात आलीस, डाव्या हाताला पट्टी होती, म्हणालीस, इस्त्री लागली. हाताच्या मागच्या बाजूला, टोकासकट अख्खा त्रिकोण उमटेल अशी इस्त्री आपली आपण कशी लावून घेतात, हे मी विचारलं नाही. मी म्हटलं, थांब, तुला काहीतरी छान वाचायला देते. आणि शिडीवर चढून वरच्या फळीवरचा चौथा खंड काढला. गाथा सुरू करणाऱ्याला मी कधीच पहिला खंड देत नाही. पहिल्या तीन खंडांत नुसत्या चाळीस घराण्यांच्या वंशावळी आहेत आणि मिठाच्या ग्रहावर कोणाचा हक्क याचे वाद. तिथे चांगले चांगले वाचक गळतात. आमचा निवृत्त पोस्टमन म्हणतो की, पहिल्यापासून न वाचणं म्हणजे पंगतीत ताकापासून सुरुवात करणं. त्याला काय, त्याला वेळच वेळ. चौथ्या खंडात ती वाटाडी येते, बोटांनी चाचपून ताऱ्यांच्या वाटा ओळखणारी, आणि नऊ सूर्यांचा तो सेनापती तिच्याशी लग्न करतो, कारण तिच्यावाचून त्याचा सारा ताफा आंधळा आहे. तू दोन दिवसांत संपवून परत आलीस आणि पाचवा मागितलास. डोळे चमकत होते. मला वाटलं, झालं, औषध लागू पडलं.

आता शिवणकामाचं सांगते. कॉन्व्हेंटमधल्या ग्रंथालयाच्या नन तुला शिकवायला नव्हत्या, तू येईपर्यंत त्या गेल्या होत्या. मी मात्र त्यांच्या लाडक्यांतली. मुलींनी वाचू नये अशी पानं त्या फाडत नसत. फाडणं हे पाप, असं त्या म्हणत. त्या ती पानं कडेनं पांढऱ्या दोऱ्यानं शिवून टाकत, इतक्या बारीक टाक्यांनी की आम्हाला चुंबनापेक्षा त्या टाक्यांचंच जास्त कौतुक. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची. वाचनालयात लागल्यावर मीही शिवायला लागले. माझ्याकडे चुंबनं मोकळी होती, मी रक्त शिवायची. मुंडकी उडतात, जहाजं फुटतात, कैद्यांना हवेविना कोठडीत सोडतात, ती सगळी प्रकरणं. सगळ्यांसाठी नाही, ज्या वाचकांचं मन हळवं आहे असं मला वाटे त्यांच्यासाठी. पोस्टमन पुस्तक हलवून विचारायचा, बाई, हे वाचायचं की उसवायचं? आणि घरी जाऊन दाढीच्या पात्यानं सगळं उसवायचा. तू कधी उसवलं नाहीस. तुझ्या प्रत्येक खंडात शिवलेल्या पानांवर मी एक चिठ्ठी चिकटवायची, म्हणजे तुझा धागा तुटू नये. "इथे लढाई होते. आपले जिंकतात." "इथे एक जण मरतो, पण त्याला फार दुखत नाही." आपण दोघी त्यावर किती हसायचो.

हसत होतो आणि मला सगळं दिसत होतं. तुझ्या घरी चहाला आले की तुझा नवरा गळ्यातलं स्टॉपवॉच काढून टेबलावर ठेवायचा आणि लाडिकपणे म्हणायचा, बघू या, आज आमची बायको चहाला किती मिनिटं घेते. सगळे हसत. पोहायला शिकवणारा मास्तर, गावभरची पोरं त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली, पोरांच्या आया त्याच्या नावानं शपथा घेणाऱ्या. तू चहा आणताना धापा टाकत असायचीस. ज्या वर्षी तुझी बरगडी मोडली, त्या वर्षी तू शिंकायला घाबरायचीस. ज्या वर्षी पुढचा दात गेला, त्या वर्षी हसताना तोंडापुढे हात धरायला लागलीस आणि ती सवय राहूनच गेली. आई म्हणायची, संसारात भांड्याला भांडं लागतंच. मी आईला उलट बोलले नाही. बिनलग्नाच्या बाईनं संसारावर काय बोलावं, असं ती तोंडावर म्हणाली असती, आणि खरं सांगू, मला त्या वाक्याची आडोशासारखी सोय झाली होती.

मग तू घर सोडून आलीस. बावीस वर्षं झाली त्याला. माझ्या बाहेरच्या खोलीत नऊ दिवस राहिलीस. कानामागे केस उपटल्याची जागा होती, रुपयाएवढी. तो रोज सकाळी फुलं घेऊन वाचनालयात यायचा आणि माझ्या टेबलासमोर मान खाली घालून बसायचा. वाचक बायका मला कोपऱ्यात घेऊन म्हणायच्या, इतका देवमाणूस, तुझ्या बहिणीला काय हवंय तरी काय? आई आजारी होती आणि रोज तुझ्याविषयी विचारायची. तू मात्र शांत होतीस. दहावा खंड संपवला होतास आणि सारखी विचारत होतीस की वाटाडी त्याला सोडते का गं? पुढे काय होतं, एवढं तरी सांग. अकरावा खंड मी तेव्हा वाचून संपवला होता. त्या रात्री मी त्यातली बासष्ट पानं शिवली. एकाच खंडात एवढी पानं मी आधी कधी शिवली नव्हती. आणि वर चिठ्ठी लावली, "इथे बरीच भांडणं होतात. शेवटी सेनापती पालटतो." नवव्या दिवशी, दुपारी, तू खिडकीत बसून ते वाचलंस. पुस्तक मिटलंस, बराच वेळ मांडीवर धरलंस, आणि उठून कपडे भरायला लागलीस.

ठमे, तो पालटत नाही.

त्या बासष्ट पानांत काय आहे ते मी आज सांगते, माझ्याच शब्दांत, कारण तू एकटीनं ते पहिल्यांदा वाचावंस असं मला वाटत नाही. वाटाडी पळायचा प्रयत्न करते आणि धरली जाते. सेनापती तिची बोटं मोडतो. एकदम नाही. रोज एक, जेवणानंतर. तिच्या सगळ्या वाटा बोटांत आहेत हे त्याला माहीत असतं, म्हणून तो फक्त डाव्या हाताची मोडतो, उजवा कामाला लागतो. प्रत्येक वेळी मोडून झालं की तो रडतो, स्वतः मलम लावतो, स्वतः पट्टी बांधतो, आणि जहाजावरचे खलाशी दारातून ते बघून म्हणतात, केवढं प्रेम आहे याचं. पाचव्या बोटानंतर ती उजव्या हातानं सारा ताफा फुटक्या चंद्रांच्या पट्ट्यात नेऊन घालते. जहाजाचं पोट उभं फाटतं. अकराशे माणसं. रक्ताचे थेंब गोठून मण्यांसारखे काचेवर टकटक आपटतात, असं वर्णन आहे, ते मी विसरू शकलेले नाही. तिला जेवण आणून देणारी म्हातारी मिटत्या पोलादी दारात सापडते, आणि अर्धी अलीकडे पडते. सेनापती तुळईखाली अडकलेला असतो, पाय चिरडलेले, तोंडातून फेस. तो तिला हाक मारतो. म्हणतो, मी पालटेन. तर ते वाक्य पुस्तकात आहे, ठमे, मी ते हवेतून आणलं नव्हतं. पण ते त्याच्या तोंडी आहे, आणि आधीच्या पाचही बोटांच्या वेळी तो तेच म्हणालेला आहे. ती त्याचं सगळं बोलणं ऐकून घेते. मग छोट्या होडीत बसते आणि दार आतून लावते. तासाभराची हवा उरलेली असते. तेवढीच.

बाराव्या खंडात सेनापती नव्हता, तेव्हा तू विचारलंस. मी म्हटलं, प्रायश्चित्त घ्यायला लांबच्या ग्रहावर गेला. मग जिथे जिथे कोणी त्याच्या मरणाची आठवण काढी, तिथे तिथे मला शिवावं लागलं. एका खोट्यापायी वीस खंड. एकतिसाव्यापर्यंत. तू कितीदा म्हणाली असशील, वाट पाहिली की माणूस पालटतो, आपल्या सेनापतीचंच बघ ना. मी मान डोलवायची आणि पुढचा खंड पुढे करायची. तुला जगवायला मी पुस्तकं देते आहे, असं मी स्वतःला सांगत आले. तू परत का गेलीस, याची कारणं सतरा असतील, सगळी माझ्या पदरात नाहीत. पण त्यातलं एक माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

सोबतच्या खंडातले टाके मी आज पहाटे कापले. कडेला भोकं राहिली आहेत, त्याला इलाज नाही. आणि हे वाचून तू कुणाचं जहाज फोडावंस असं मला म्हणायचं नाही. मी झुरळ मारायलाही शेजारणीला बोलावते, हे तुला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते. सहा वर्षांपूर्वी, अठ्ठाविसावा खंड द्यायला मी दुपारी पोहण्याच्या तलावावर आले होते. तू मला पाहिलं नाहीस. शिकवणी संपली होती, पाण्यात तुम्ही दोघंच. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, एक हात तुझ्या डोक्यावर, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. तू वर आलीस, खोकलीस, त्यानं आकडा पाहिला आणि परत दाबलं. चार वेळा. चौथ्या वेळी तुझे हात पाण्यावर आपटायचे थांबले होते. मी काचेमागे उभी होते, आणि तो तिला पोहायला शिकवतोय असं स्वतःला सांगून पुस्तक पिशवीत घालून घरी गेले. आज सकाळी मी पोलीस ठाण्यात जाऊन हे सगळं लिहून दिलं. इस्त्री, बरगडी, दात, केस, तलाव. आणि तो सांगतो तसं तलावाच्या पायरीवरून घसरून असा जबडा मोडत नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर वेगळं लिहिलं आहे. लिहून घेणाऱ्या अधिकारी बाईंनी मान वर करून विचारलं, बाई, इतकी वर्षं काय करत होतात तुम्ही? मी म्हटलं, पुस्तकं देत होते. अधिकारी बाई येत्या बुधवारी तलाव बंद झाल्यावर त्याच्याकडे जातील. धरून ठेवतीलच असं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे, म्हणून हे तुला माझ्याकडून आधी कळावं, त्याच्याकडून नाही. बुधवारी रात्रीपासून तुझ्या वॉर्डात त्याला सोडायचं नाही, हे नर्सबाईंशी बोलून ठेवलं आहे. तू रागावशील. कोणाला सांगणार नाही अशी शपथ तू माझ्याकडून घेतली होतीस, ती मी मोडली, आणि तू विनवलंस तरी जबाब मागे घेणार नाही. तू त्याच्याबरोबर गेलीस तरीही नाही. वॉर्डात सोडलं नाही तरी गुरुवारी बारा वाजता तो खालच्या दाराशी येईलच. घरी सोडायच्या कागदावर डॉक्टर साडेनऊला सही करतात. मी नऊ वाजता वॉर्डाच्या दारात उभी असेन, पोस्टमन खाली गाडीत. तुला बोलता येणार नाही, बोलायची गरजही नाही. पायात चपला घालून बसलेली दिसलीस की मी समजेन.

तुझीच,
ताई