रिंगणातलं गवत

कोकबेल, उन्हाळी कुरण
१९ ऑगस्ट २००६

चि. सिरगाक यास,
थोरल्या बहिणीचे, तुझ्या एजेचे, अ. उ. आ. आम्ही सगळे ठीक. कुरण मात्र ठीक नाही.

जूनपासून पावसाने तोंड दाखवलेलं नाही. डोंगराची पाठ सोललेल्या कातड्यासारखी दिसते. आणि या सगळ्यात तुझी ती कुंपणातली रिंगणं! नळ्यांतून तू वायू सोडतोस त्या गोलांत गवत गुडघाभर, गर्द हिरवं. खालच्या तंबूतला साद्यर सगळ्यांना सांगत सुटलाय की सिरगाकने गवताला तंबाखू ओढायला शिकवलंय, आणि गवत त्या नशेत वाढतंय. मी त्याला म्हटलं की तुझा मुलगाही तंबाखू ओढतो, तो का नाही वाढला? तेव्हापासून बोलत नाही.

तुझे भाओजी कुंपणाची राखण इमानाने करतात. परवा स्वतःच्याच घोडीला तिथून हाकललं. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की माझ्या सासूनेही मला कधी तसं पाहिलं नव्हतं.

आता कामाचं. हिवाळ्याला पुरेल एवढं गवत यंदा कुणाकडेच नाही. कळप विकायला लागणार. निवडक माद्या तेवढ्या राखाव्यात असं तुझे भाओजी म्हणतात, पण त्यांना तरी घालायचं काय? तुमच्या रिंगणातलं गवत तुम्ही कापून, वजन करून गोदामात कोंबता म्हणे. ते बहिणीला दिलंस तर तुझं शास्त्र बुडेल का?

आपाची, आपल्या आईची, नजर आणखी मंदावली आहे. गॅसचा टँकर चढावर गुरगुरला की सिरगाक आला का म्हणून विचारते. येगोर उतरला की तिचा चेहरा पडतो, तरी बिचाऱ्या ड्रायव्हरच्या खिशात तळलेले बोरसोक भरतेच. तो आता टँकर वळवतोय, म्हणून इथेच थांबते. शहरच्या हवेत माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अनारकान

---

बिश्केक
४ सप्टेंबर २००६

ती. अनारकान एजेस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. साद्यरला सांग, पुढची पाळी त्याच्या मुलाची.

आनंदाची बातमी अशी की गवत मिळेल. गेल्या वर्षीचं आणि यंदाचं, सगळं. साहेबांची मी समजूत घातली. एकच अट आहे. तुमच्या उत्तम माद्या वेगळ्या गोठ्यात ठेवायच्या आणि वसंतापर्यंत त्यांना फक्त हेच गवत घालायचं. जव नाही, पेंड नाही, बाहेर चरायला सोडणं नाही. येगोर काटा घेऊन येईल तेव्हा त्यांची वजनं घ्यायची. साधं गवत खाणाऱ्या मेंढ्या आमच्या संस्थेच्या गोठ्यात असतील, म्हणजे तुलना होईल.

या नळ्यांतून आम्ही जो वायू सोडतो, तेवढा कर्बवायू तुझ्या नातवंडांच्या काळात सगळ्याच हवेत असणार आहे. तेव्हाचं गवत तुझ्या मेंढ्या आजच खाणार! भाओजींना म्हणावं, असा मान किर्गिझ मेंढीला आजवर मिळालेला नाही.

आपासाठी मऊ बिस्किटं पाठवली आहेत. तू चोरून खाऊ नकोस. लहानपणाप्रमाणे अजूनही धाक आहे, तसाच लोभही राहू दे.

तुझा,
सिरगाक

---

तेरेकबुलाक, हिवाळी घर
१६ जानेवारी २००७

चि. सिरगाक यास,
अ. उ. आ. बिस्किटं पोचली. मी चोरून खाल्ली नाहीत, उघड खाल्ली.

बाकी सगळा कळप पडेल त्या भावाने गेला. आता तुझ्या गवतावरच्या माद्या म्हणजेच आमचं सगळं. त्या गाभण आहेत. पण मला त्यांचं काही खरं दिसत नाही. गव्हाण भरलेली असते, त्या खातात, दिवसभर खातात, पोटं नगाऱ्यासारखी. आणि पाठीवरून हात फिरवावा तर मणका न् मणका लागतो. आता त्या एकमेकींची लोकर उपटून खायला लागल्यात. कालच एकीची कूस उघडी पडली. एवढ्या थंडीत!

तुझे भाओजी ते गवत चावून पाहतात आणि थुंकतात. म्हणतात की यात कस नाही, नुसता चोथा आहे. साद्यरची मेंढरं वाळली काटकं खाऊन आमच्यापेक्षा बरी दिसतात. त्याने दोन पोती जव देऊ केला होता. आपा म्हणाली घे. मी घेतला नाही, कारण तुला शब्द दिला होता. आता तूच सांग. मूठभर जव घातला तर चालेल ना?

येगोर चहासाठीही थांबत नाही, घाट बंद होईल म्हणतो. लवकर लिही. जीव टांगणीला आहे.

तुझी,
अनारकान

---

बिश्केक
२ फेब्रुवारी २००७

ती. एजेस,
सा. न. वि. वि. वजनांचे आकडे मिळाले. फार सुंदर आहेत. म्हणजे तुझ्या दृष्टीने नसतील, पण इतका स्पष्ट फरक आम्हालाही अपेक्षित नव्हता.

भाओजींची जीभ बरोबर आहे. कर्बवायू वाढला की गवत भराभर वाढतं, पाणीही कमी पितं, म्हणून दुष्काळात हिरवं राहतं. पण मातीला त्या वेगाने नत्र पुरवता येत नाही. उलट मुळांच्या आसपासचे सूक्ष्म जीवच ते दाबून धरतात. तेवढ्याच दुधात पाणी घालून मोठी कढई भरावी, तसं हे गवत. मेंढीचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही.

हे मला सप्टेंबरातच ठाऊक होतं. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या आठवड्यातच गव्हाणीत जव टाकला असतास. मी तुला ओळखतो. त्यामुळे सांगितलं नाही. आता एकच टप्पा उरलाय, विण्याचा. कोकरांची वजनं याच चाऱ्यावर मिळायला हवीत. मध्येच जव घातलास तर वर्षभराचं काम मातीमोल होईल. मेंढ्या काय, पुन्हा घेता येतात.

रागावू नकोस. रागावलीस तरी काट्यावर मेंढ्या नीट उभ्या कर, मागच्या वेळी दोन आकडे पुसट होते. आपाला नमस्कार.

तुझा,
सिरगाक

---

तेरेकबुलाक
२९ मार्च २००७

सिरगाक यास,
आशीर्वाद.

माद्या व्यायल्या. कोकरं जन्मली ती ओल्या चिंधीसारखी. उभी राहीनात. जी राहिली ती आईच्या कासेला तोंड लावायची आणि कासेत थेंब नाही. दूध नाही म्हटल्यावर आयाच त्यांना डोक्याने ढकलायला लागल्या. एकीने स्वतःच्या पिल्लाला भिंतीशी दाबून मारलं. मी हे आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तुझे भाओजी शब्द मोडून निघाले. साद्यरचा जव त्याच्याच जनावरांनी संपवला होता, म्हणून घाटापलीकडे गेले. परतताना वादळ लागलं. पोती घोडीवर, आणि हे तिच्या लगामाला धरून, हातमोजा कुठेतरी गळून पडलेला. पोती पोचली. उजव्या हाताची बोटं नारिनच्या दवाखान्यात काढली. अंगठा राहिला आहे. जव आला तेव्हा खाण्याच्या ताकदीच्या तीनच माद्या उरल्या होत्या.

आपाने एक कोकरू कोटाच्या आत छातीशी धरलं होतं. ते केव्हाच गेलं होतं. तिला दिसत नाही, आणि तिच्याच अंगाच्या उबेने ते गरम लागत होतं. ती त्याला कुरवाळत होती, याचं नाव सिरगाक ठेवा म्हणत होती. संध्याकाळी मी ते झोपलंय असं सांगून काढून घेतलं.

वजनं येगोरबरोबर पाठवली आहेत. मेलेल्यांचीही केली आहेत. यावेळी एकही आकडा पुसट नाही.

अनारकान

---

बिश्केक
२१ मे २००७

ती. एजेस,
सा. न. वि. वि. भाओजींचं कळून वाईट वाटलं. घाट बंद असताना जायलाच नको होतं, पण आता बोलून उपयोग नाही.

जूनच्या मध्यावर बाहेरदेशीचे पाहुणे रिंगणं पाहायला येत आहेत. आमचे आकडे पाहून ते थक्क झालेत. जेवण तुझ्याकडे. तंबूत नवे गालिचे घाल, आपल्या बायका बांधतात ते पांढरं मुंडासं बांध, त्यांना फोटो काढायला आवडतं. मेंढी साद्यरकडून घे, तुझ्या तीनपैकी नको, त्या वाळलेल्या आहेत. भाओजींनी त्या दिवशी कोटाची बाही जरा लांब सोडावी आणि मेंढ्यांचं रडगाणं काढू नये. राखणीचं काम त्यांच्याकडून काढून घ्या असं साहेब म्हणत होते, कारण बोटं नसलेल्या माणसाला कुलूप कसं लावता येणार? मी पाहुणे जाईपर्यंत थांबायला सांगितलंय. एवढं तुमच्यासाठी केलं.

आपाला सांग मी येतोय. लोभ आहेच, तो त्या दिवशी चारचौघांतही दिसावा.

तुझा,
सिरगाक

---

बिश्केक
२ जुलै २००७

अनारकान एजेस,
नमस्कार. मी तिथे एक शब्दही बोललो नाही, कारण पाहुणे होते. आता लिहितो.

आम्ही घाट उतरलो तेव्हा कुंपणाचं फाटक सताड उघडं होतं. सगळ्या कोकबेलच्या घोड्या, गाई, मेंढरं रिंगणांत. नळ्या तुडवलेल्या. साद्यर खोगिरावर बसून हसत होता. भाओजी फाटकाशी, बाही कोपरापर्यंत वर सारून, तो हात सगळ्यांना दिसेल असे उभे. आणि तू पांढरं मुंडासं बांधून माझ्या पाहुण्यांना चहा ओतत होतीस. त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस की आमच्याकडे जनावर उपाशी असताना गवताला कुंपण घालत नाहीत. दुभाष्याने तेही त्यांना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. फोटो काढले आणि निघून गेले.

तू काय केलंस ते तुला कळावं म्हणून सांगतो. आणखी एका उन्हाळ्याचे आकडे हाती आले असते, तर सरकार तुमच्या सबंध खोऱ्याला दर हिवाळी पेंड देणार होतं. कागद तयार होता. या आकड्यांसाठीच मी तुझ्या मेंढ्यांशी निर्दय झालो. आता काम बंद झालंय. मलाही काढलंय. टँकर येणार नाही. येगोर फक्त नळ्या उपसायला येईल, त्याच्याबरोबर हे पत्र.

मी पुन्हा येणार नाही. आपाला सांग की मी परदेशी गेलो.

सिरगाक

---

तेरेकबुलाक
३० सप्टेंबर २००७

सिरगाक यास,
पोस्टाने लिहिते आहे, त्यामुळे केव्हा पोचेल ते सांगता येत नाही.

पेंडीचं मी लोकांना सांगितलं. लपवायचं मला जमत नाही. आता साद्यर माझ्याकडे पाहून थुंकतो आणि त्याची बायको पाण्यावर आली की मी परत फिरते. रिंगणांतलं गवत त्यांच्याच जनावरांनी खाल्लं, हे कुणाला आठवत नाही. फाटक उघडलं कुणी, तेवढं आठवतं. तिथे आता रानदवण्याची कडू झुडपं माजलीत, त्यांना मेंढरू तोंड लावत नाही. तुझे भाओजी साद्यरच्याच मेंढ्या वळतात. तो त्यांना एक-हात्या म्हणून हाक मारतो आणि ते ओ देतात.

पेंडीचं तू खरं लिहिलं असशील. तरीही ते फाटक मी पुन्हा उघडीन.

तू परदेशी गेलास हे मी आपाला सांगितलं नाही. तू मेलास म्हणून सांगितलं. तिने दोन दिवस विलाप केला, तोंड ओरबाडून घेतलं, आणि मग खायचंच सोडलं. ऑगस्टच्या अखेरीस ती गेली. येगोर तेव्हा नळ्या उपसत होता. तो म्हणाला की मी एका दिवसात खाली जाऊन सिरगाकला घेऊन येतो, तोवर थांबा. मी नको म्हटलं. मुलाच्या हातची माती म्हणून शेवटी त्यानेच मूठभर माती टाकली, त्या रशियन माणसाने. तू रडला असतास त्याहून जास्त रडला.

आपाचं थडगं वरच्या उतारावर आहे. येऊ नकोस. गावात तुझ्या नावाने मयताचे बोरसोक वाटून झालेत.

अनारकान