स्पीकरपुढचा मोबाईल हलवू नये

मी, रंभाजी कानिफनाथ गवारे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डोके सोडून बाकी अवयवांची खात्री मी देत नाही. हा कागद मी राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. पत्नी बनुबाई शेजारी बसून सूचना करत आहे, पण त्याला वकीलसाहेबांच्या मते दबाव म्हणत नाहीत. ते अविवाहित आहेत.

कलम १. मिरजगावचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या मागे बनुबाईचे, आणि तिच्या मागे मुलगा हर्षल याचे. हर्षल पुण्यात असतो. घर विकून तिकडे फ्लॅट घेण्याची त्याची फार इच्छा आहे. बनुबाई हयात असेपर्यंत त्याने ती इच्छा मनातच ठेवावी, तिथे ती सुरक्षित राहील.

कलम २. बँकेतील आणि पोस्टातील ठेवी बनुबाईच्या. तिने त्या जपून ठेवू नयेत, खर्चाव्यात. आयुष्यभर काटकसर मी केली आणि चिक्कू म्हणून नावही मीच कमावले, तेव्हा तिला आता दोन्हींची गरज नाही.

कलम ३. माझी हत्यारांची पेटी, म्हणजे पक्कड, पाने, डाग द्यायचा कैय्या, मीटर वगैरे, पुतण्या योगेश याला द्यायची होती. परंतु तो साक्षीदार असल्याने त्याला काही देणे बरे नव्हे, असे वकील म्हणतात. म्हणून पेटी हर्षलला देत आहे. पान्याची कोणती बाजू धरायची हेच हर्षलला माहीत नसल्याने तो ती योगेशच्या टेम्पोत टाकून देईल, याची मला खात्री आहे. कायदाही राहील आणि पेटीही.

कलम ४. बांधावरचा लिंब. हे झाड माझ्या निम्म्यात आहे. शेजारी पुंजाराम म्हणतो, त्याच्या निम्म्यात आहे. माझ्या अँटेनाच्या खांबाचा एक ताण, म्हणजे आधाराची तार, मी या लिंबाला बांधला, आणि स्वतःच्या झाडाला तार बांधायला कोणाला विचारायचे नसते म्हणून विचारले नाही. पुंजारामने कोयत्याने ताण तोडला. खांब माझ्या गोठ्याच्या पत्र्यावर आडवा झाला, म्हैस आठ दिवस दुधाला आली नाही, आणि आमचे बोलणे जे थांबले ते थांबलेच. त्याआधी आम्ही एका ताटात जेवणारे होतो. या प्रकरणात माझी बाजू बरोबर होती, हे मी मरणोत्तरही कळवू इच्छितो. लिंबाचा वाद हर्षलकडे वारसाहक्काने देत आहे. त्याने तो चालवू नये.

कलम ५. हेच मुख्य कलम आहे. बाकीची त्याच्या सोबतीला लिहिली आहेत.

ओसरीवर टेबलावर जे यंत्र आहे त्याला स्कॅनर म्हणतात. हा एक रेडिओच. तो आपोआप एकेक लहर तपासत फिरतो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. मला त्यावर साखर कारखान्याच्या आवारातले वॉकीटॉकी ऐकू येतात. ते सेट मीच दुरुस्त करून देत असल्याने कारखान्याच्या साहेबांनी मला ऐकण्याची, आणि घरगुती एका माणसाला ऐकवण्याची, लेखी मुभा दिली आहे. "ट्रॅक्टर काट्यावर घे." "गव्हाणीवर ऊस कमी पडला." "बैलगाड्या सोडा रे आत." ज्याला कारखाना माहीत नाही त्याला यात काही नाही. पुंजारामला सगळे आहे. तो त्याच आवारात मुकादम होता.

पुढे पुंजारामचे उजवे अंग वाऱ्याने गेले आणि त्याची लेक रेश्मा त्याला सुप्याला आपल्या घरी घेऊन गेली. ती आणि जावई दोघेही एमआयडीसीत कामाला जातात. हा दिवसभर खाटेवर. नात दिशा एकदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, आमचे आजोबा जेवतच न्हाईत. कारखान्याचा आवाज ऐकू आला तर जेवतील. इंटरनेटवर सोडता येईल का?" मी सोडला. अट एकच घातली, की माझे नाव त्याला कळू नये. तिने त्याला सांगितले की ही कारखान्याचीच सोय आहे. ऐकण्यासाठी पासवर्ड लागतो. तो मी 'आडमुठा' असा ठेवला. त्या घरात हा शब्द रोज टाईप व्हावा, एवढाच माझा हेतू होता.

आता माझी हुशारी ऐका. स्कॅनरला वायर जोडून आवाज घेतला की गुणगुण यायची. म्हणून मी जुना मोबाईल स्पीकरपुढे तांब्याला टेकवून उभा केला आणि आवाज हवेतून घेतला. टेलिफोन खात्यात जन्म गेला, पण मोबाईलला स्पीकरइतकीच माणसेही ऐकू येतात, हे माझ्या ध्यानात आले नाही. किती जण ऐकत आहेत तो आकडा पडद्यावर दिसतो. तो कायम एक असायचा. गळीत संपले, कारखाना बंद झाला, वॉकीटॉकी मुके झाले, तरी आकडा एकच. मी समजलो, पोरगी बंद करायची विसरली.

मग मी पडलो. बनुबाई बचत गटाच्या बायकांबरोबर शनिशिंगणापूरला गेली होती. मी खुर्चीवर चढून ओसरीचा पंखा पुसत होतो, आणि खाली आलो तो टेबल आणि खाट यांच्या मधोमध. मांडीचे हाड गेले. हाका मारून घसा बसला. दाराला आतून कडी. शिंगणापूरला घरांना दारे नाहीत म्हणतात. तिथे गेलेल्या बाईच्या नवऱ्याच्या दाराची कडी मात्र योगेशला पहारीने तोडावी लागली.

"तुला कुनी सांगितलं रं?" मी विचारले.

"सुप्याहून पुंजामामांचा फोन आल्ता. म्हनले, रंभ्या पडलाय, वरडतोय, पळ."

"त्याला काय म्हाईत?"

"आवं, त्ये रोज ऐकत्यात की तुमचं समदं. तुमालाच म्हाईत न्हाई व्हय?"

म्हणजे बनुबाईच्या पिठल्याला मी ठेवलेली नावे, हर्षलशी फोनवरची भांडणे, माझे भजन, आणि दुपारच्या चहाला पुंजारामच्या नावाने न चुकता दिलेल्या शिव्या, हे सर्व सुप्याला पोचत होते. दवाखान्यात दिशाने निरोप आणला, "आजोबा म्हनले, शिव्यांचं काय न्हाई, पन पिठलं चांगलं असतंय, उगं नावं ठिवू नका." त्या माणसाने माझा जीव वाचवला. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. ते तोंडाने सांगण्याचे मी टाळत होतो, म्हणून इथे लिहितो.

सबब, माझ्या मागे स्कॅनर चालू ठेवावा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर घ्यावा. योगेशने खांब सांभाळावा. हर्षलने सुधारणा म्हणून वायर जोडू नये, स्पीकरपुढचा मोबाईल हलवू नये. बनुबाईने त्याच्यासमोर रोजच्यासारखे बोलावे. मी गेलो त्या दिवशीही तो बंद करू नये. पुंजारामला मिरजगावला आणणे होणार नाही. त्याने तिथूनच यावे. हे सर्व पुंजाराम हयात असेपर्यंत. वकीलसाहेबांनी विचारले, ऐकू येणे ही मिळकत धरायची का? मी म्हटले, तुम्हीच पुस्तकात बघा. त्यांनी बघितले. नाही धरत. म्हणजे पुंजारामला माझ्याकडून काहीच मिळत नाही, याची नोंद घ्यावी.

कलम ६. एवढा मसुदा मी त्याच मोबाईलपुढे मोठ्याने वाचून दाखवला. योगेश आणि माझी मांडी बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई साक्षीच्या सह्या करायला बसले होते. तेवढ्यात योगेशचा फोन वाजला. "तुमच्यासाठी हाय," म्हणून त्याने तो माझ्या कानाला लावला.

"रंभ्या, शुद्धीवर असल्याची साक्ष डॉक्टरीण कशी दील?" पुंजाराम म्हणाला. आवाज अर्धा झाला आहे, तोरा पूर्ण आहे. "ती तुला मोडक्या मांडीपासून वळखती. मी शाळंपासून वळखतो. सही मी करनार."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि उठल्या. वकील म्हणाले, ऐकून साक्ष चालत नाही, सही होताना साक्षीदार समोर हवा. तो उठू शकत नाही. तेव्हा मीच योगेशच्या टेम्पोत गादी टाकून सुप्याला आलो आहे, आणि हे शेवटचे पान पुंजारामच्या खाटेशी बसून लिहीत आहे. फार वाळला आहे. मला बघून भिंतीकडे तोंड केले, आणि मग माझ्या काठीकडे बघून म्हणाला, "पंखा पुसायला जातंय येडं, ह्या वयात."

त्याच्या उशाशी मोबाईल आहे. त्यातून माझी ओसरी ऐकू येते. काट्यावर ट्रॅक्टर लागला, आमची म्हैस हंबरली, मग भाकरी थापल्याचा आवाज, आणि बनुबाई मोबाईलला सांगत होती, "पोचलं का वो आमचं मानूस? चहात साखर देऊ नगा त्यास्नी." आपले घर बाहेरून इतके चांगले ऐकू येते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

"मी आदी गेलो तर?" पुंजारामने विचारले.

"तर बंद करीन. कुनासाठी चालू ठिवू?"

"मंग दुपारच्याला शिव्या कुनाला दिशील?"

मुद्दा बिनतोड आहे. म्हणून कलम ५ मधले 'पुंजाराम हयात असेपर्यंत' हे शब्द खोडत आहे. यंत्र चालूच राहील.

हे माझे पहिले मृत्युपत्र. शेवटचे ठरावे अशी घाई नाही.

ठिकाण : 'मिरजगाव' खोडून 'सुपा' लिहिले. दोन्ही खाडाखोडी माझ्या व मला मान्य.
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार : रंभाजी कानिफनाथ गवारे (सही)

साक्षीदार १ : योगेश गवारे, मिरजगाव (सही)

साक्षीदार २ : पुंजाराम, हल्ली मुक्काम सुपा. तोंडी सांगितले, दिशाने लिहून घेतले : "रंभा शुद्धीत हाय. हेकट हाय, पन त्यो पयल्यापासून, आजारानं न्हाई. सही माझ्या डोळ्यांदेखत केली."
साक्षीदाराचा उजवा हात चालत नाही, सबब निशाणी डावा अंगठा.
हात धरून अंगठा उठवला : रंभाजी.