अनोळखी सहावा फोन

प्रिय भिंगरी,

तुझी सर्दी उतरली का? खोलीतल्या मैत्रिणीचा मुरगळलेला पाय जमिनीला टेकतो का आता? आणि वसतिगृहाच्या दारावरच्या त्या मावशी, त्यांचा दमा कसा आहे? इकडे आजीचं गुडघेपुराण चालूच आहे, तुझ्या आईची पाठ बरी आहे, बाबांची तब्येत राग सोडला तर उत्तम. माझं म्हणशील, तर खाल्लेलं पचतं, केलेलं पचत नाही.

रेडिओ दुरुस्त करता करता म्हातारा झालेला माणूस मी. राउटरही असाच खुडबुड करत शिकलो. तुझा ऑनलाइन वर्ग ऐन वेळी अडकायचा, म्हणून घरातल्या पाचही फोनना मी कायमचे पत्ते बांधून दिले, अकरापासून पंधरापर्यंत. दारामागच्या खुंट्यांसारखं, ज्याची त्याला. पंधरा तुझा, आणि पंधराला सगळ्यांआधी वाट द्यायची असं राउटरला बजावलं. तेव्हा आजी म्हणाली होती, माझ्या बाराने काय मागच्या दाराने यायचं का?

मग तो दिवस. राउटरच्या यादीत सहावा फोन दिसला, नाव ना गाव. घरातले पाचही फोन टेबलावर मांडलेले. मी लगेच ठरवून मोकळा, की भिंगरीने दुसरा फोन लपवलाय. नंतर घरी आलेल्या आत्यासमोर तुझी बॅग पालथी केली. तू रडली नाहीस. आजोबा, कंगव्याचे दातही मोजून घ्या, एवढंच म्हणालीस. काही सापडलं नाही, तर लपवायला हुशार आहे, असंही मीच वर म्हणालो. अति शहाण्याचा बैल रिकामा असतो. मी तो गावभर मिरवला.

तू गेल्यावर आठव्या दिवशी माझ्या फोनचं वायफाय रुसलं. फोनमधून घरच्या वायफायचं नाव काढून पुन्हा जोडलं, तर यादीत नवा अनोळखी हजर, आणि माझा अकरा बंद! मग चष्मा पुसून वाचत बसलो. फोन आपला जो क्रमांक सांगतो, बोलायचा नंबर नव्हे, यंत्राचा, त्यावरून राउटर त्याला ओळखतो. हल्लीचे फोन खरा क्रमांक झाकून भलताच सांगतात, आणि काढून पुन्हा जोडलं की तोही बदलू शकतो. म्हणजे सहावा फोन टेबलावरचा तुझा नेहमीचाच होता गं. त्याच वेळी पंधरा बंद पडला होता, तिकडे मी बघितलंच नाही. आणि त्या सकाळी, वर्ग अडकतोय तर वायफाय काढून परत जोड, असं तुला सांगणारा कोण? मीच.

हे कळून दीड महिना झाला. मी गप्प बसलो. तुझ्या शिबिराच्या परवानगीवर बाबांनी सही नाकारली, लपवाछपवी करणाऱ्या पोरीला एवढ्या लांब कसं पाठवू म्हणाले, तेव्हा मी समोरच भाजी निवडत होतो. तरी तोंड उघडलं नाही. या वयात पोरांसमोर खोटं ठरायची लाज वाटली. काल तुझी आई म्हणाली, मुदतीला आता आठवडाच उरलाय. तेव्हा कुठे सगळ्यांना बसवून सांगितलं, आत्यालाही फोन केला. बाबांनी पेन मागितलं. सही केलेला कागद याच पाकिटात आहे, आजच्या आज भरून दे. त्या सहीत माझी माफी धरू नकोस. ती मी वेगळी मागतोय, तुला द्यावीशी वाटेल तेव्हा दे. पण कागद पोचल्याच्या दोन ओळी लवकर लिही, शिव्या घातल्यास तरी चालेल.

तुझाच,
आजोबा